कॅन्सरची माहिती मोबाईलवर शोधताना



घरात कुणाला कॅन्सर असल्याचं कळलं की हल्ली पहिल्याच रात्री मोबाईल हातात येतो. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटं समजावलेलं असतं, पण त्यातलं निम्मं कानात शिरलेलंच नसतं. घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात आणि उत्तर द्यायला जवळ कुणी नसतं. मग मुलगा किंवा सून मोबाईलला विचारते, 'स्तनाचा कॅन्सर बरा होतो का?' क्षणात ढीगभर उत्तरं समोर येतात. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांचे फॉरवर्ड सुरू होतात. कुणी काढा सांगतं, कुणी वैदूचा नंबर पाठवतं, कुणी परदेशातल्या औषधाचा व्हिडिओ.

बचत गटांच्या बैठकांत आजारपणासाठी कर्जाची मागणी येते, तेव्हा आम्हा समन्वयकांच्या कानावर या गोष्टी पडतात. एका ताईंना छातीत सुपारीएवढी गाठ लागली. डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली. घरच्यांनी मोबाईलवर ऐकलं की सुई लावली की गाठ पसरते. चार महिने काढा घेण्यात गेले. ताई परत दवाखान्यात गेल्या तेव्हा आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. आता उपचार चालू आहेत, पण ते जास्त लांबले आणि जास्त जड झाले. दुसऱ्या गावातल्या एका मुलीनं तोच मोबाईल घेऊन हेल्पलाइनला फोन लावला, योजनेतलं रुग्णालय शोधलं आणि आठवड्याभरात आईचं नाव तिथं नोंदवलं.

म्हणून आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोबाईलवरची जी माहिती तुम्हाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेते आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते शिकवते, ती जवळ ठेवा. जी माहिती म्हणते 'तपासणी करू नका', 'ऑपरेशन करू नका', 'आधी दोन महिने हे घेऊन बघा', ती तिथेच बंद करा. कॅन्सरमध्ये वेळ हीच सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि फुकट मिळणारी चुकीची माहिती तीच खाऊन टाकते.

आधी आजाराचं पूर्ण नाव

शोधायला बसण्यापूर्वी आपल्याला नक्की काय झालंय ते हातात हवं. 'कॅन्सर' हे एका आजाराचं नाव नाही. तोंडाचा वेगळा, गर्भाशयमुखाचा वेगळा, रक्ताचा वेगळा. एकाच अवयवाच्या कॅन्सरचेही प्रकार असतात. त्यामुळे नुसतं 'कॅन्सरवर उपाय' असं शोधलं की दुसऱ्याच कुणाच्या आजाराची माहिती वाचून आपण घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त होतो.

डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. कॅन्सर कोणत्या अवयवाचा आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या टप्प्यावर आहे. टप्पे साधारण एक ते चार असे मोजतात. पहिल्या टप्प्यात आजार जागेवरच असतो, चौथ्या टप्प्यात तो शरीरात लांब पसरलेला असतो. प्रकार कळतो तो बायॉप्सीच्या रिपोर्टवरून. बायॉप्सी म्हणजे सुईनं किंवा छोट्या ऑपरेशननं गाठीचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. त्यानं कॅन्सर पसरतो ही भीती गावोगावी आहे, पण तिच्यापायी तपासणी टाळू नका. सुई कुठून आणि कशी घालायची हे डॉक्टर विचार करून ठरवतात, आणि या तपासणीशिवाय कोणता उपचार द्यायचा हे ठरवताच येत नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं दिसतात. त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते लिहिलेलं असतं. त्यावरून हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होईल का, विशिष्ट इंजेक्शन लागू पडेल का, हे ठरतं. म्हणूनच एकाच गल्लीतल्या दोन बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला तरी दोघींचा उपचार वेगळा असू शकतो. 'तिला तर गोळ्यांवर भागलं, मला केमो का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या तीन नावांत असतं.

कुठे वाचायचं, कुणाला विचारायचं

मराठीत वाचायला काही मिळतच नाही असं पुष्कळजणी म्हणतात. मिळतं. मुंबईची 'जासकॅप' ही संस्था कॅन्सरच्या रुग्णांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढते. त्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. वेगवेगळ्या अवयवांच्या कॅन्सरवर आणि केमो, रेडिएशन यांसारख्या उपचारांवर त्यात माहिती आहे. रेडिएशन म्हणजे गावात ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' देणं म्हणतात ते.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्याच्या संकेतस्थळावर नाव कसं नोंदवायचं, कोणती कागदपत्रं आणायची, ही माहिती मिळते. जाण्याआधी ती वाचली तर एक खेप वाचू शकते. या रुग्णालयाच्या पुढाकारानं २०१२ साली 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' हे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. कोणत्या कॅन्सरला कोणत्या टप्प्यावर काय उपचार द्यावा, याची मार्गदर्शक सूत्रं या जाळ्यानं सगळ्यांना फुकट वाचायला ठेवली आहेत. ती इंग्रजीत आणि डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत, आपल्याला जड जातील. तरी ती आहेत हे माहीत असावं, कारण मग डॉक्टरांना विचारता येतं, 'साहेब, माझा उपचार ग्रिडच्या सूत्रांप्रमाणे आहे का?' हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

वाचण्यापेक्षा बोलणं बरं वाटत असेल, तर १९५१ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीची हेल्पलाइन आहे. नंबर १८०० २२ १९५१. पैसे पडत नाहीत. नंबर लक्षात ठेवायला सोपा, शेवटी संस्थेचं स्थापनावर्षच आहे.

वाचता न येणाऱ्या मैत्रिणींनी हिरमुसू नये. बहुतेक मोबाईलमध्ये बोलून शोधायची आणि पानावरचा मजकूर वाचून दाखवायची सोय असते. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून ती एकदा शिकून घ्या. हल्ली शोधल्याबरोबर सगळ्यात वर एक तयार उत्तर दिसतं, ते बऱ्याचदा यंत्रानं जुळवलेलं असतं. ते अस्खलित मराठीत असलं म्हणून बरोबर असेलच असं नाही. त्याखाली कोणत्या संस्थेचं नाव आहे ते बघा, त्या संस्थेच्या पानावर जा आणि तिथे वाचा.

खरं-खोटं कसं ओळखायचं

बाजारात भाजी घेताना आपण पेंडी उलटून बघतो. माहितीही तशीच उलटून बघायची. हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? सांगणारा काही विकतोय का? व्हिडिओच्या शेवटी 'औषधासाठी या नंबरवर फोन करा' असं आलं, तर तो सल्ला नाही, दुकान आहे. आणि कॅन्सर बरा करून देतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्यानंच बंदी आहे. जादूटोण्यासारखे उपाय आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिराती रोखणारा तो कायदा १९५४ सालचा आहे, आणि ज्या आजारांवर अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कॅन्सर आहे. म्हणजे 'शंभर टक्के खात्री' म्हणणारा माणूस तिथेच कायदा मोडत असतो.

व्हिडिओत पांढरा कोट घालून कुणीही बसू शकतं. कॅन्सरच्या औषधांचे तज्ज्ञ बहुधा डीएम, ऑपरेशन करणारे एमसीएच आणि रेडिएशन देणारे एमडी असतात. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतं.

आता सगळ्यात अवघड भाग. सांगणारा माणूस खोटारडा नसतो, तो स्वतःचा अनुभव मनापासून सांगत असतो, तेव्हा काय करायचं? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये असंच झालं. एका प्रसिद्ध माजी क्रिकेटपटूनं सांगितलं की त्याच्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर आहार बदलल्यामुळे, कच्ची हळद, कडुलिंब, लिंबूपाणी घेतल्यामुळे आणि साखर-दूध बंद केल्यामुळे आटोक्यात आला. तो व्हिडिओ घरोघरी फिरला. त्यावर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र येऊन निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं असं होतं की हळद, कडुलिंबातल्या घटकांवर संशोधन चालू आहे, पण त्यांनी माणसाचा कॅन्सर बरा होतो असा पुरावा आज नाही, आणि असल्या उपायांच्या नादानं कुणी उपचार लांबवू नयेत. त्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती, रेडिएशनही झालं होतं. फॉरवर्डमध्ये मात्र फक्त हळद आणि लिंबू उरलं.

एकीचा अनुभव आणि पुरावा यात फरक काय, ते आपल्याच मराठवाड्यातल्या उदाहरणावरून बघू. तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तिथे बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेसोबत एक अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. गावांचे गट पाडले. काही गटांतल्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी केली, काहींची दुसऱ्या पद्धतींनी तपासणी केली, काहींना नेहमीसारखी माहिती दिली. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी होते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. लाखभर बायका, तुलना करायला दुसरा गट आणि आठ वर्षांची नोंद, याला पुरावा म्हणतात. 'माझ्या मावशीला फरक पडला' यात मावशी खरं बोलत असते, पण तिला दुसरं काय काय चालू होतं, हे आपल्याला कळत नाही.

साखरेचं आणखी एक. 'साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो' हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्यापायी आधीच तोंडाची चव गेलेल्या बाईचा भात, पोळी, फळं, दूध सगळं बंद होतं आणि तिचं वजन उतरतं. वजन फार उतरलं तर उपचार सोसणं कठीण होतं, कधी केमो पुढे ढकलावी लागते. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळा. एरवी काय खायचं ते रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा. काढा किंवा आयुर्वेदिक गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पतींचा यकृतावर ताण येतो, काहींमुळे केमोच्या औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो.

टक्क्यांना किती भ्यायचं

मोबाईलवर शोधलं की आकडे येतात. 'या टप्प्यात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण इतके टक्के.' हा आकडा वाचून कित्येक घरांत त्या रात्री चूल पेटत नाही.

आपल्या गटाचा हिशोब डोळ्यासमोर आणा. गटाची सरासरी शिल्लक दोन हजार निघाली, म्हणून प्रत्येकीच्या खात्यात दोन हजारच असतात का? एखादीचे पाचशे असतात, एखादीचे सहा हजार. टक्केवारीही तशीच. ती अनेक रुग्णांची मिळून काढलेली असते. त्यात म्हाताऱ्या असतात, तरुण असतात, उपचार अर्धवट सोडलेल्याही असतात. शिवाय पाच वर्षांचा आकडा काढायचा तर रुग्ण पाच वर्षांपूर्वीचे, म्हणजे औषधंही तेव्हाची. त्यातून आजाराचा अंदाज येतो, तुमच्या आईचं भविष्य कळत नाही. तिचं वय, तब्येत, आजाराचा प्रकार आणि उपचार पूर्ण होणं, यावर पुढचं ठरतं. आकडा ऐकायचाच असेल तर तो तिचा रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

घरबसल्या डॉक्टर

सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा फुकट आहे. मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलता येतं. मोबाईल जमत नसेल तर गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या आरोग्य उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी तिथून डॉक्टरांशी जोडून देतात. गाठ दिसली, तोंडातला पांढरा चट्टा जात नाही, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय, अशा वेळी कुठे जायचं हे विचारायला ही सेवा चांगली. पण कॅन्सर आहे की नाही हे व्हिडिओवर ठरत नाही. त्याला हात लावून तपासणं आणि बायॉप्सी लागतेच.

उपचार सुरू करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावंसं वाटलं तर त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. टाटा मेमोरियल आणि कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली 'नव्या' ही सेवा आहे. रिपोर्ट मोबाईलवरून पाठवायचे, तज्ज्ञांचं लेखी मत येतं. फी किती आणि कुणाला माफ, हे रिपोर्ट पाठवण्याआधी विचारून घ्या. ते मत आपल्या डॉक्टरांना दाखवायचं, त्यांच्याशी बोलायचं. मतं गोळा करत बसण्यात मात्र महिने घालवायचे नाहीत. एक मत, फार तर दोन, मग उपचार.

यासाठी कागद नीट हवेत. प्रत्येक रिपोर्टचा उजेडात, पूर्ण पान दिसेल असा फोटो काढा. तारखेप्रमाणे लावा. बायॉप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर. सीटी स्कॅनची सीडी टाकून देऊ नका. बायॉप्सीच्या तुकड्यापासून मेणाचे ठोकळे आणि काचेच्या पट्ट्या तयार करतात, त्यांना ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना ते मागून घ्यावे लागतात, कारण तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि फोटोंची एक प्रत घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर.

बोलायला माणूस

केमोमध्ये केस जातात हे डॉक्टर सांगतात. ते परत कधी येतात, डोक्याला काय बांधायचं, तोंड आलं असताना भाकरी कशात कुस्करून खायची, हे मात्र त्यातून गेलेली बाईच सांगू शकते. मुंबईतलं व्ही केअर फाउंडेशन एका कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईंनी सुरू केलं, आणि अशा संस्थांमध्ये बरे झालेले लोक नव्या रुग्णांशी बोलतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारलं तर मदत करणाऱ्या संस्था आणि व्हॉट्सॲप गट कळतात.

गटात जरूर जा. रात्री दोन वाजता झोप येत नसताना 'मलाही असंच व्हायचं' एवढं वाक्य मोठा आधार देतं. फक्त तीन बंधनं पाळा. एकीचं औषध किंवा त्याचं प्रमाण दुसरीनं वापरायचं नाही. आपले रिपोर्ट आणि आधार कार्डाचे फोटो गटावर टाकायचे नाहीत. आणि तातडीचं लक्षण गटाला विचारायचं नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, तर लगेच रुग्णालयाला फोन करायचा, अर्धी रात्र असली तरी. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात, तेव्हा साधा वाटणारा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. गटावर उत्तराची वाट बघण्याइतका वेळ तेव्हा नसतो. घरात थर्मामीटर आणि भिंतीवर रुग्णालयाचा नंबर, या दोन गोष्टी केमोच्या पहिल्या दिवशीच करून ठेवा.

मन फार खचलं, जगू नये असं वाटू लागलं, किंवा सेवा करणारीलाच रडू आवरेना, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर लावा. सरकारची ही सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पैशाची वाट

सावकाराकडे जाण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे नंबर आहेत. २०२३ साली सरकारनं योजना वाढवायचं ठरवलं, त्यानुसार कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटायचं. ही योजना कॅशलेस आहे, आधी खर्च करून मागून पावत्या दाखवायची नाही. हे माहीत नसल्यामुळे कित्येकींचे दागिने पहिल्याच आठवड्यात गहाण पडतात. आयुष्मान भारत योजनेची चौकशी १४५५५ वर होते.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला तिथे ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं.

आजारी घर हे फसवणाऱ्यांना सोपं सावज वाटतं. 'योजना मंजूर झाली, ओटीपी सांगा', 'औषध विमानतळावर अडकलंय, पैसे भरा' असे फोन येतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तिचा रिपोर्ट तिला माहीत असावा

शेवटची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पुष्कळ घरांत मोबाईल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. रिपोर्ट त्याच्या मोबाईलवर, डॉक्टरांचा नंबर त्याच्या मोबाईलवर, आणि जिला आजार झालाय तिला 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलेलं. ती घाबरेल म्हणून लपवतात, मायेनंच लपवतात. पण मग ताप आला की तो का महत्त्वाचा आहे हे तिला कळत नाही. केमोचे दोन डोस झाले, बरं वाटलं की ती म्हणते, 'आता कशाला पैसे घालवायचे, कापणी आलीय.' आणि उपचार अर्धवट राहतो. आपल्याला काय झालंय हे ठाऊक असलेली बाई उपचार पुरे करायला स्वतः उभी राहते. किती आणि कधी सांगायचं ते तिच्या कलानं घ्या, हवं तर डॉक्टरांना सांगायला लावा, पण तिला अंधारात ठेवू नका.

इथे बचत गट पुष्कळ करू शकतो. प्रत्येक गटानं दोघी ठरवाव्यात, एक मोबाईल नीट चालवणारी आणि एक दवाखान्यात सोबत जाऊ शकणारी. ज्या मैत्रिणीला आजार झालाय तिच्या परवानगीनं या दोघींनी तिचे कागद लावून द्यावेत, पुढच्या भेटीत विचारायचे पाच प्रश्न वहीत लिहून द्यावेत आणि हेल्पलाइनला फोन लावताना शेजारी बसावं. तिची गोष्ट तिच्यापाशीच राहील हे बघावं. कॅन्सर स्पर्शानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे हळदीकुंकवाला तिला मुद्दाम बोलावून दाखवून द्यावं.

आणि ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. तीस वर्षांपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. पुढच्या बैठकीचा दिवस आशाताईंना विचारून ठरवा आणि हप्ता भरून सगळ्याजणी मिळून तिकडे जा. मिश्री किंवा तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६ या नंबरवर फुकट मदत मिळते.

सांगितलेले नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. ज्यांच्याकडे पेन नव्हतं त्यांनी शेजारणीच्या वहीतून घ्यावेत.